तीस गुंठे आणि वळायची जागा

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) बावीस वर्षे नोकरी करतो. सध्या मोल्डिंग (साचे बनवण्याच्या) विभागात सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवी मोल्डिंग लाईन आली आणि पाळीतली माणसे चौदावरून सहावर आली. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की इंजिनाचे कास्टिंग (ओतीव भाग) कोण घेणार, ही चर्चा कँटीनमध्ये रोज असते. मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला कॉम्प्युटर करायचे आहे, पण एआयमुळे प्रोग्रामिंगची कामेही जाणार असे सगळे सांगतात. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात एआयची पदवी आहे. चार वर्षांचा खर्च सोळा लाख सांगितला आहे. गावाकडे तीस गुंठे ऊस आहे. त्यातला तुकडा विकून निम्मे पैसे उभे राहतील, उरलेल्याचे कर्ज काढता येईल. मेहुणे म्हणतात, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेला बसवा. मला एवढेच सांगा, पुढची तीस वर्षे टिकेल असे क्षेत्र कोणते? धाकटी मुलगी दहावीत आहे, तिचे अजून काही ठरवलेले नाही. ती घरातला बिघडलेला मिक्सर, इस्त्री उघडून बसते, एवढेच.
– एक वाचक, हातकणंगले तालुका

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. तीस वर्षे हमखास टिकेल असे क्षेत्र कोणालाही दाखवता येणार नाही, आणि जो ते छातीठोकपणे दाखवतो त्याच्या पिशवीत बहुधा कुठल्यातरी संस्थेची माहितीपुस्तिका असते. जमीन विकू नका. सोळा लाखांची पदवी घेऊ नका. मुलाला कॉम्प्युटरच शिकू द्या, मात्र कोल्हापुरात राहून, सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, आणि ज्या फौंड्रीची तुम्हाला आज धास्ती वाटते तिच्याकडे पाठ न फिरवता. धाकटीबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत. माझ्याजवळ तिच्याविषयी सांगण्यासारखे त्याहून अधिक आहे, ते शेवटी येईल.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवले, त्यामुळे भविष्य सांगताना माझे स्वतःचे हात एकदा चांगलेच पोळले आहेत. १९९४ च्या सुमारास कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उमटवतात तो नमुना) करणाऱ्या एका मिस्त्रींचा मुलगा माझ्याकडे आला होता. वडिलांचा धंदा पुढे चालवावा की सोडावा, असा त्याचा प्रश्न होता. लाकडाचे दिवस संपले, तू ड्राफ्ट्समन हो, ड्रॉइंगला मरण नाही, असे मी त्याला ठासून सांगितले. त्याने माझे ऐकले नाही, हे त्याचे नशीब. पुढच्या आठ-दहा वर्षांत ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईची पेने माझ्याच वर्गातून अडगळीत गेली, आणि ज्यांचे अक्षर मोत्यासारखे म्हणून मी ज्यांचे कौतुक करीत असे त्या विद्यार्थ्यांना कॅडच्या (संगणकावरील ड्रॉइंगच्या) पडद्यासमोर पुन्हा पहिलीपासून बसावे लागले. त्या मुलाने मात्र बँकेचे थोडे कर्ज काढून एक जुने व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारे) मशीन घेतले आणि तो ॲल्युमिनियमचे पॅटर्न कापू लागला. त्याच्या कामातून लाकूड गेले. पण ओतलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना किती आकसते, पॅटर्न साच्यातून अलगद सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना किती उतार द्यावा लागतो, पुढच्या मशीनिंगसाठी कुठे किती माल जादा ठेवावा लागतो, हे जे वडिलांच्या बोटांतून त्याच्याकडे आले होते ते लाकडाबरोबर गेले नाही. ग्रे आयर्नच्या, म्हणजे साध्या बिडाच्या, तुकड्यासाठी आकसण्याची साधारण एक टक्का सूट आजही धरावीच लागते, मग पॅटर्न सागवानाचा असो की संगणकावर आखलेला असो. मी धंदा पाहताना त्याचे हत्यार पाहिले आणि तेच धंद्याचे आयुष्य समजलो, ही माझी चूक होती. तुमच्या पत्रात तीच चूक दुसऱ्या बाजूने होते आहे असे मला वाटते.

माझ्यासारख्या मास्तरांचे सोडा. नामवंत संशोधकांचेही या बाबतीत एकमत झालेले नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३ साली असा हिशोब मांडला की अमेरिकेतील ४७ टक्के रोजगारांना यांत्रिकीकरणाचा मोठा धोका आहे, आणि तो आकडा जगभर गाजला. तीनच वर्षांनी, २०१६ साली, प्रगत देशांच्या ओईसीडी या संघटनेसाठी केलेल्या अभ्यासात २१ देशांची सरासरी ९ टक्के निघाली. दोन्हींकडची माणसे हुशारच होती. फरक एवढाच होता की पहिल्यांनी अख्खी नोकरी हा एक नग धरला, तर दुसऱ्यांनी त्या नोकरीतला माणूस दिवसभरात प्रत्यक्ष काय काय करतो ते सुटे करून पाहिले आणि त्यांना असे दिसले की एकाच नावाच्या नोकरीत यंत्राला सहज जमणारी आणि मुळीच न जमणारी कामे शेजारी शेजारी असतात. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत १७ कोटी नव्या नोकऱ्या येतील आणि ९ कोटी २० लाख जातील असे म्हटले आहे. वर्तमानपत्रे हेच आकडे छापतात. मला त्यातला तिसरा आकडा अधिक उपयोगी वाटतो : आज कामाला लागणाऱ्या कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये याच काळात बदलतील किंवा जुनी होतील. (हेही मालकांना विचारून बांधलेले अंदाज आहेत, तराजूवर तोललेले नाहीत, हे विसरू नये.)

तेव्हा क्षेत्राचे नाव बाजूला ठेवून तुमच्याच एका पाळीचे तुकडे पाडून पाहू. पाळी सुरू होताना तुम्ही वाळूचा रिपोर्ट पाहता, ओलावा आणि ताकद जागेवर आहे की नाही ते बघता, आणि रिपोर्ट ठीक असला तरी मूठभर वाळू हातात दाबून, मोडून पाहता. साचे मोजता, नोंदी भरता. रिजेक्शनच्या (नापास मालाच्या) ढिगापाशी उभे राहून हा ब्लो होल (वायूने पडलेले छिद्र) वाळूमुळे आला की कोअरमुळे (पोकळी राखण्यासाठी साच्यात बसवलेल्या गाभ्यामुळे), हे ठरवता. ग्राहकाचा माणूस तपासणीला आला की त्याला पटेल असे उत्तर देता. बिहार-ओडिशातून आलेल्या नव्या पोराला कामाला लावता आणि दोन पाळ्यांमधली धुसफूस मिटवता. यातली मोजणी आणि नोंदी यंत्राकडे गेल्या आहेत किंवा जातील, साचा दाबणे तर गेलेच. मूठभर वाळूचा निर्णय, ढिगापाशी काढलेला निष्कर्ष आणि माणसांना सांभाळणे तुमच्याकडे राहिले आहे. नव्या लाईनवर जे सहा जण उरले ते कोण होते, आठवून पाहा. माझा अंदाज असा की लाईन थांबली की ती का थांबली हे ज्यांना सांगता येत होते, तेच बहुतेक असतील. आठ माणसांचे काम गेले, हे दुःख खरे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण त्यातून मुलासाठी काही शिकायचे असेल तर ते या सहा जणांकडे पाहून शिकता येईल.

इलेक्ट्रिक गाड्यांची कँटीनमधली चर्चा निराधार नाही. बॅटरीवरच्या गाडीत सिलिंडर ब्लॉक नसतो, सिलिंडर हेड नसतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नसतो; ज्या फौंड्रीचा बहुतांश माल चारचाकी गाडीच्या इंजिनाचा आहे तिने आजच दुसरे ग्राहक शोधायला हवेत. मात्र ब्रेकचे आणि सस्पेन्शनचे भाग त्या गाडीलाही लागतात, मोटरचे आवरण ॲल्युमिनियमचे का होईना पण ओतावेच लागते, आणि ट्रॅक्टर, पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह यांचे काम सुरूच आहे. कोळशाच्या कुपोला भट्ट्या जाऊन विजेवरच्या इंडक्शन फर्नेस आल्या तेव्हाही शिरोली आणि गोकुळ शिरगावात हीच चर्चा होती. कुपोलावरचे काही जाणते मिस्त्री तेव्हा घरी बसले. बाकीचे स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन-सिलिकॉन वाचायला शिकले आणि पुढे एसजी आयर्नचे (अधिक चिवट बिडाचे) काम करू लागले.

ज्याला आपण पक्की नोकरी म्हणतो तिचे आयुष्यही आपल्या शहराने पाहिले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली शाहू मिल ही कोल्हापूरच्या कित्येक पिढ्यांची पक्की नोकरी होती. ती २००३ साली बंद पडली. १९७० साली मुलाला मिलमध्ये चिकटवणारा बाप मूर्ख नव्हता. त्याच्या समोर चौसष्ट वर्षांचा पुरावा होता.

याच शहरातले दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत असत. सिनेमा आला तेव्हा त्यांनी त्याचे यंत्र समजून घ्यायला सुरुवात केली. १९१६ साली आनंदराव गेले; तरी बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा इथे कोल्हापुरात तयार केला. त्या कामात त्यांच्या हाताखाली दामले नावाचा शिष्य होता. रंगकाम शिकायला आलेला हा माणूस कॅमेऱ्याचे सुटे भाग जुळवायला शिकला, १९२९ साली इथेच प्रभात फिल्म कंपनी स्थापन करणाऱ्या भागीदारांत होता, आणि बोलपट आला तेव्हा त्याने ध्वनिमुद्रणाचे खाते सांभाळले. पुढे तो दिग्दर्शकही झाला. विष्णुपंत दामल्यांना कोणी १९१० साली विचारले असते की तीस वर्षे टिकेल असे क्षेत्र कोणते, तर त्यांना काय सांगता आले असते? बोलपटाचे ध्वनिमुद्रण हा व्यवसायच तेव्हा आपल्याकडे जन्मला नव्हता. यंत्र उघडून ते समजेपर्यंत न उठण्याची सवय मात्र त्यांना त्याच काळात लागली.

आता चिरंजीवांविषयी. प्रोग्रामिंगची सगळी कामे जाणार, हे मला अतिरंजित वाटते. मात्र त्यातली नवख्याची कामे कमी होतील, ही भीती मी खरी मानतो आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. छोटा प्रोग्राम लिहिणे, साधी चूक शोधणे, माहिती एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात नेणे ही कामे आजवर नव्या मुलाला दिली जात. ती करता करता तो शहाणा होई. आता तीच कामे यंत्र क्षणात करून देते. शिडीच्या वरच्या पायऱ्या शाबूत आहेत, पण खालच्या दोन निखळू लागल्या आहेत, आणि मुलांना वर चढायचे असते ते खालूनच. म्हणून पहिली पायरी आपणच शोधून त्याच्या पायाखाली ठेवावी लागेल. ज्याला फक्त प्रोग्रामिंग येते अशा मुलापेक्षा ज्याला प्रोग्रामिंग येते आणि शिवाय एखाद्या खऱ्या कामाची आतली माहिती आहे अशा मुलाला ती लवकर सापडेल. ही आतली माहिती मिळवण्यासाठी दुसऱ्यांच्या मुलांना वणवण करावी लागते. तुमच्या घरी ती रोज पाळी संपवून येते आणि हातपाय धुऊन जेवायला बसते.

माझी सूचना अशी. बारावीची आणि सीईटीची परीक्षा संपली की मालकांची परवानगी घेऊन, भट्टीपासून लांब, पायात सेफ्टी शूज आणि डोळ्यांवर गॉगल घालून, त्याला काही दिवस रिजेक्शनच्या ढिगापाशी उभे करा. फोटो काढायला बहुतेक कारखान्यांत मनाई असते आणि ती योग्यच आहे. म्हणून त्याने वहीत हाताने चित्र काढावे, ग्राहकाचे नाव लिहू नये. असे वीस तुकडे त्याने नोंदवावेत. दोष कोणता, तुकड्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, कोणत्या पाळीतला, त्या दिवशी वाळूतला ओलावा किती होता, वितळलेल्या लोखंडाचा रस कोणत्या तापमानाला ओतला होता. प्रत्येक तुकड्यापुढे कारण कोणते ते आधी त्याने लिहावे, नंतर तुम्ही सांगावे. मग त्याने घरी बसून हा तक्ता संगणकावर मांडावा आणि त्यातून काही ओळखू येते का ते पाहावे. वीस नोंदींतून मोठे काही हाती लागणार नाही. पण ओलाव्याचा आकडा रिकामा आहे, कारण त्या रात्री कोणी चाचणीच घेतली नाही, किंवा दोन पाळ्या एकाच दोषाला वेगवेगळी नावे देतात, हे त्याच्या लक्षात येईल. एआयच्या जगात ज्याला डेटा म्हणतात तो मुळात कसा आणि कोणाच्या हाताने जन्मतो, हे पदवीच्या चार वर्षांत अनेकांना कळत नाही. त्याला ते पंधरा दिवसांत कळेल.

त्यानंतर त्याला हाच प्रश्न फोनवरच्या एआयला विचारू द्या. ग्रे आयर्नच्या तुकड्यात ब्लो होल का येतात, असे विचारले की ते यंत्र व्यवस्थित यादी देते : वाळूत ओलावा जास्त, वाळूतून वायू जायला वाट नाही, कोअरच्या बाइंडरचा वायू, रस थंड, लॅडल (रस ओतायचे भांडे) ओली. यादी चुकीची नसते. पण काल रात्रीच्या तिसऱ्या पाळीत यातले नेमके कोणते घडले, हे त्याला ठाऊक नसते, कारण ते तिथे नव्हते. तुमचा मुलगा होता. कोणत्या प्रश्नाला यंत्राचे उत्तर पुरते आणि कुठून पुढे स्वतः जाऊन पाहावे लागते, ही सीमारेषा त्याला एकदा अशी हातांनी चाचपता आली तर पुढे ती दुसऱ्या धंद्यातही ओळखता येईल. अभ्यासासाठीही एवढा एक नियम घाला : आधी उत्तर स्वतः कागदावर लिहायचे, मग यंत्राला विचारायचे, आणि यंत्राच्या उत्तरात निदान एक चूक किंवा उणीव शोधायची. यंत्र वापरू नको असे सांगण्यात अर्थ नाही. पाटीवर पाढे न लिहिता थेट कॅल्क्युलेटर हातात घेतलेल्या मुलाची काय गत होते, ती आपण पाहिली आहे.

आता त्या सोळा लाखांकडे वळतो. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर अरुंद बोळात शिरला की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. चालक कितीही कसबी असला तरी त्याला वळता येत नाही. ज्या काळात दर पाच वर्षांनी रस्ता बदलण्याची शक्यता आहे, त्या काळात मुलाच्या मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडून त्याला बोळात घालू नये, हे माझे सगळ्यात ठाम मत आहे. आठ लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर, शिक्षणकाळातले व्याज सोडून दिले तरी, दरमहा सुमारे साडेदहा हजारांचा हप्ता बसतो. हप्ता असलेला मुलगा पहिली मिळेल ती नोकरी धरतो. कमी पगारात पण शिकण्यासारख्या जागी वर्ष-दोन वर्षे काढण्याची, किंवा चुकले तर दिशा बदलण्याची मुभा त्याला राहत नाही. आणि तीस गुंठ्यांतला विकलेला तुकडा परत येत नाही. त्या उसाच्या उत्पन्नावर तुमचे घर चालत नसेल, पण तुमची नोकरी गेली तर ते घर तीन-चार महिने तरी तग धरेल, ही निश्चिंती मुलाच्या शिक्षणाच्या उपयोगाचीच आहे.

पदवीच्या नावात एआय हा शब्द असल्याने फारसे बिघडत नाही आणि फारसे साधतही नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आले. त्या वर्षी पहिल्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याची पदवी पुरी होईपर्यंत त्या तंत्राचे रूप इतक्यांदा पालटले की पहिल्या वर्षी शिकवलेली अवजारे चौथ्या वर्षी जुनी झाली. जे पालटले नाही ते म्हणजे संभाव्यताशास्त्र, संख्याशास्त्र, मॅट्रिक्सचे गणित, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क; आणि हे विषय साध्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगलाही असतात. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा इमारत आणि कँटीन पाहू नका. गणिताचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्वतः केलेले एखादे काम बघायला मिळते का, एवढे दोनच प्रश्न विचारा.

पैशाचा एक मुद्दा पुण्याच्या त्या विद्यापीठाने तुम्हाला सांगितला नसावा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र विद्यार्थ्यांच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या जागांना आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठांना ही योजना लागू नाही. सोळा लाख आणि इथला खर्च यांतली तफावत त्यामुळे तुम्ही समजता त्याहून मोठी आहे. सीईटीला गुण कमी पडले तर खचू नका. बारावी सायन्स झालेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. या रस्त्याने एखादे वर्ष जास्त जाते. माझे अनुभवाचे मत असे की या आडवाटेने आलेली मुले कार्यशाळेत अधिक सरावलेली असतात, आणि त्यांना नोकरीत याचा फायदाच होतो.

शिकत असताना सुट्टीत किंवा शिकून झाल्यावर शिकाऊ उमेदवारीचा विचार जरूर करावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे काम कागदावर उरकले जाते आणि शिकाऊ मुलाला झाडलोट करायला लावतात, हेही खरे आहे. म्हणून मानधन किती यापेक्षा शिकवणारा माणूस कोण, हे पाहून जागा निवडावी.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात लिहितो. स्पर्धा परीक्षा ही चांगलीच वाट आहे, पण ती अनिश्चिततेवरचा उपाय नव्हे. जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी, तेव्हा तीच सगळ्यात अनिश्चित. द्यायचीच असेल तर पदवी हातात घेऊन, किती प्रयत्न करायचे ते आधी कागदावर लिहून, आणि तो कागद घरातल्या सर्वांच्या देखत कपाटात ठेवून द्यावी. अभ्यासिकेत वयाची तिशी ओलांडलेली मुले मी पाहतो तेव्हा त्यांनी अभ्यास कमी केला असे मला वाटत नाही. थांबायचे कधी, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता धाकटी. बिघडलेला मिक्सर उघडून बसते, एवढेच, असे तुम्ही लिहिले आहे. तो मिक्सर पुढे चालू होतो का, हे लिहिलेले नाही, आणि मला ते जाणून घ्यायचे आहे. होत असेल तर तिला बिघाड शोधता येतो, म्हणजे तुम्ही रिजेक्शनच्या ढिगापाशी जे करता तेच ती स्वयंपाकघरात करते. होत नसेल तरीही ती पुन्हा पुन्हा उघडते आहे, हीच गोष्ट वर दामल्यांविषयी सांगताना मी लिहिली. मुलाच्या वाट्याला सोळा लाखांचा विचार आणि मुलीच्या वाट्याला दोन ओळी, हे तुम्ही जाणूनबुजून केले नसेल. आपल्या घरांत ते आपोआप होते. तिला दहावीनंतर इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅट्रॉनिक्सची पदविका करता येईल, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येईल, किंवा अकरावी सायन्सची नेहमीची वाटही घेता येईल. नव्या मोल्डिंग लाईनमधला सेन्सर बंद पडला की आज तुमच्या कारखान्यात कोणाला बोलावतात? त्या माणसाला यायला किती तास लागतात? तसे काम जाणणाऱ्या माणसांची तुमच्या वसाहतीत किती निकड आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. वीस तुकड्यांच्या त्या नोंदी करताना घरी तक्ता मांडायला तिलाही बसवा. चित्र कोणाचे अधिक चांगले येते ते पाहायला मला आवडेल.

२०२४-२५ या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. अट तीच, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची. तुमच्या प्रवर्गाचा उल्लेख पत्रात नाही, तेव्हा हे तपासून घ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचे व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहता आताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रासमोर जी रांग लागते तिच्यात तुमची एक पाळी तरी बुडेल.